शिल्लक असेल तर शिल्लकच लिही

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज रात्री वाचला. गटसाधन केंद्रात, म्हणजे तालुक्याच्या शिक्षण कार्यालयात, कंत्राटी लेखा सहायक म्हणून तुझा पहिलाच मार्च, आणि वरून तोंडी निरोप : संयुक्त शाळा अनुदानाचं (शाळेला किरकोळ खर्चासाठी दरवर्षी मिळणाऱ्या रकमेचं) उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे खर्च झाल्याचा दाखला, पूर्ण रकमेचं कर, शिल्लक दाखवू नकोस. "काका, काय करू?" म्हणतेस. शिल्लक असेल तर शिल्लकच लिहायची. पत्र इथेच संपलं असतं, पण तुझ्या पुढच्या ओळीने माझी झोप घालवली : शिल्लक दाखवली आणि पुढचा हप्ता अडकला, तर मुलांचं नुकसान मीच केलं असं नाही का होणार?

नाही होणार. हे वाक्य तुझं नाहीच, तुझ्या साहेबांचं आहे. त्यांच्या आधीच्या साहेबांकडूनही मी ते ऐकलंय.

नीट समजून घे. हे अनुदान ज्या शालेय शिक्षणाच्या योजनेतून येतं त्या समग्र शिक्षामध्ये केंद्राचे 60 टक्के, राज्याचे 40. आधी मिळालेल्या रकमेपैकी किमान 75 टक्के खर्च झाल्याशिवाय केंद्राचा पुढचा हप्ता सुटत नाही. नियमात वावगं काही नाही. पण शाळेच्या हातात पैसा पडतो वर्ष संपता संपता. तीसपर्यंत पट असेल तर वर्षाला 10,000, शंभरपर्यंत 25,000, त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर. आता दोनशिक्षकी शाळेचा मुख्याध्यापक काय करणार? व्यवस्थापन समितीची सभा, ठराव, दरपत्रकं, वर ऑनलाइन माहित्या आहेतच. शिवाय पैसा पडून राहिला तर कुणी विचारत नाही, खर्च केला तर ऑडिट विचारतं, हे तो अनुभवाने शिकलेला असतो. म्हणून पैसा राहतो. यात चोरी नाही, उशीर आहे. आणि तो उशीर कागदावर दिसण्याची एकच जागा आहे, शिल्लकेचा रकाना. तो तू शून्य केलास की मार्चमध्ये दिलेला पैसा मार्चमध्येच खर्च होतो, असा दाखला तूच वर पाठवलास. मग पुढच्या वर्षी लवकर द्यायची गरज कुणाला वाटेल?

पूर्वी तर गंमतच होती. तालुक्यातून शाळेच्या खात्यावर रक्कम वर्ग केली की आमच्या कीर्दीत ती खर्ची पडायची. शाळेच्या पासबुकात ती जशीच्या तशी, आणि इकडे प्रमाणपत्र शंभर टक्क्यांचं! अग्रिम, म्हणजे आगाऊ दिलेली रक्कम, हा खर्च नव्हे, हे मी इतक्या टिप्पण्यांत लिहिलं की ऑफिसात मला त्यावरून नावच पडलं होतं. जुलै 2021 पासून योजनेसाठी राज्याचं एकच नोडल (मुख्य) खातं आलं, शाळांकडे शून्य शिल्लक आणि पैसे काढायची फक्त मर्यादा. वाटलं, सुटलो. पण मर्यादा 31 मार्चला संपते म्हटल्यावर पुरवठादाराच्या नावे पैसे आधी निघायला लागले आणि माल "येतोय". एका शाळेत जून उजाडल्यावर साठा नोंदवही उघडली. दोन पंखे, 31 मार्चची नोंद, खाली सही, शिक्का. वर बघितलं तर छताला नुसते हूक. गुरुजी म्हणाले, "साहेब, ऑर्डर दिलीय ना."

त्या वर्षी मी तालुक्याची शिल्लक होती तशी लिहिली. पुढचा हप्ता कमी आला. सभेत माझं नाव घेऊन बोललं गेलं. ज्यांच्या घरी जेवलो होतो त्यांनी बोलणं टाकलं, ते अजूनही लागतं. पण हप्ता मी कापला नव्हता, हे तेव्हाही सांगत होतो आणि आजही सांगतो. वर्षभर पैसा अडकवून ठेवणाऱ्याला जाब नाही, आणि खरा आकडा लिहिणारा मुलांचा वैरी! असो. माझं पुराण पुरे.

तू कंत्राटी आहेस, मुदतवाढ साहेबांच्या शेऱ्यावर आहे, हे मला कळतं. म्हणून साहेबांशी वाद घालायला जाऊ नकोस, कागद तयार कर. प्रत्येक शाळेला मर्यादा कधी मिळाली, समितीचा ठराव कधी झाला, माल प्रत्यक्ष कधी आला, असा तारखांचा तक्ता टिप्पणीला जोड. मुख्याध्यापकांना नुसतं "खर्च झाला का" विचारू नकोस, सगळे "हो" म्हणतात. बिल आणि साठा नोंदवहीचं पान माग. साहेबांना आकडा बदलायचा असेल तर खुशाल बदलू दे, पण त्यांच्या पेनाने, त्यांच्या सहीने. तोंडी आदेश आलाच तर "चर्चेत सूचित केल्याप्रमाणे" असं लिहून फाइल सहीला ठेव. बहुतेक आदेश तिथेच मागे घेतले जातात. प्रमाणपत्रावर रक्कम मंजूर प्रयोजनासाठीच खर्च झाली असं छापलेलं असतं, आणि फाइलवर तयार करणारी म्हणून आद्याक्षरं तुझी असतात, हे जेवायला जातानाही विसरू नकोस.

आणि मुलांच्या नुकसानीचं म्हणशील, तर शिल्लक लिहिलीस की निदान पुढच्या वर्षी मागण्यासाठी हातात काहीतरी राहतं. पंखे आले असं एकदा लिहिलं की ते पुन्हा मागताही येत नाहीत.

तक्ता वर पाठवण्याआधी मला पाठव. फोटो नको, एक्सेलची फाइल दे, मोबाइलवर मला आकडे दिसत नाहीत. आणि शिल्लकेचा रकाना "नंतर भरते" म्हणून मोकळा ठेवलास तर मी फाइल पुढे बघणार नाही.