पोळी कोण लाटणार, ते आधी ठरवा

"रिटायर झालो. आता माझा कुणाला काय उपयोग?" हा प्रश्न घेऊन समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्यांत पुरुष जास्त असतात. बायकांना पूर्ण निवृत्ती कधी मिळतच नाही, हे त्याचं एक कारण असावं.

शेजारची लहान मुलगी सांभाळू लागलेल्या डोंबिवलीच्या एका काकांचा अनुभव सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. राज्य सरकारी नोकरीतून ५८व्या वर्षी निवृत्त झालेले. पहाटे पावणेपाचला जाग यायचीच, पण गाठायला लोकल नव्हती. नातू न्यू जर्सीत, व्हिडिओ कॉलवर पाच मिनिटांत कंटाळणारा. काकूंचा दिवस भजनी मंडळ, भिशी, बाजार यांत लागलेला, त्यात काका दर तासाला चहा मागणार. छातीत धडधडतं म्हणून तपासण्या झाल्या, रिपोर्ट नॉर्मल आले आणि डॉक्टरांनी त्यांना माझ्याकडे पाठवलं.

ज्येष्ठांमधलं नैराश्य ओळखण्यासाठी १५ प्रश्नांची एक प्रश्नावली असते, ती भरून घेतली. गुण काळजी करण्याइतके नव्हते. असते तर आधी मानसोपचारतज्ज्ञ, बाकी सगळं नंतर. खोल नैराश्यातल्या माणसावर मुलाची जबाबदारी टाकणं दोघांवरही अन्याय आहे.

"ऑफिसातलं काय आठवतं?" मी विचारलं.

"माझी सही झाल्याशिवाय फाईल पुढे सरकत नव्हती, मॅडम."

पुढच्या भेटीत त्यांनीच विषय काढला. शेजारचं जोडपं मुंबईला नोकरीला, मुलगी पहिलीत. पाळणाघर साडेसहाला बंद होतं आणि आई आठच्या आत क्वचितच पोचते. "मधला वेळ मी सांभाळू का?" काकांनी विचारलं. मी म्हटलं, काकूंना घेऊन या.

काकू स्पष्ट बोलल्या. "मुलगी यांच्याकडे येणार, आणि पोळी मी लाटायची?"

असे बहुतेक बेत इथेच फसतात. आजोबांना समाधान मिळतं आणि आजीच्या अंगावर आणखी एक काम पडतं. म्हणून ठरलं की खाणं काका करतील. साठीच्या उंबरठ्यावर ते पोहे आणि उपमा शिकले. मुलीला पाळणाघरातून आणणं, हातपाय धुवायला लावणं, सगळं त्यांच्याकडे.

मुलीच्या आईवडिलांशीही माझ्यासमोर बोलणं झालं. आठवड्याचे तीनच दिवस: सोम, बुध, शुक्र. मेलबर्नमधल्या आज्यांवरचा एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात आठवड्यातून एक दिवस नातवंडं सांभाळणाऱ्या आज्या बुद्धीच्या चाचण्यांत सरस ठरल्या, तर पाच किंवा जास्त दिवस सांभाळणाऱ्या एका चाचणीत मागे पडल्या. अभ्यास लहान होता, पण माझ्याकडे येणारी दमलेली आजी-आजोबा मंडळी तेच सांगतात. बाकीच्या गोष्टी कागदावर लिहिल्या: मुलीला काय चालत नाही, ताप आला तर कुणाला फोन, दार उघडं राहील, तिचे फोटो कुठल्याही ग्रुपवर जाणार नाहीत. यात काकांना अपमान वाटू नये म्हणून मी स्वतःच ते मुद्दे मांडले. मुलीच्या आणि काकांच्याही सुरक्षिततेसाठी ते हवेतच. पैसे काकांनी नाकारले. पण फुकटच्या मदतीचं ओझं दोन्हीकडे साठतं, असं माझं मत आहे. मुलीचे बाबा आता काकांचं आयकर विवरण भरून देतात.

सुरुवात बरी झाली नाही. काकांनी पाढे घ्यायला सुरुवात केली आणि मुलगी गप्प बसायला लागली. "शिकवू नका, तिला काय हवंय ते बघा," एवढंच मी सांगितलं. तिला काकांची रोजची गाडी हवी होती. रिकाम्या खोक्यांची लोकल झाली आणि ती घोषणा करू लागली: "पुढील स्टेशन कोपर." मग दिवा, मुंब्रा, कळवा, ठाणे.

एका शुक्रवारी आईवडील फोन न करता नऊला आले. काका रागानं धुमसत माझ्याकडे आले. मध्यस्थी मी केली नाही. "हे तुम्ही त्यांना सांगायचं," म्हटलं. त्यांनी सांगितलं. मुलीची आई रडली, माफी मागितली, आणि उशीर होणार असेल तर सातच्या आत फोन करायचा असं ठरलं.

काका आता दोन महिन्यांतून एकदा येतात. धडधड थांबली आहे, जाग मात्र पहाटेच येते. मागच्या महिन्यात त्याच इमारतीतल्या आणखी एका कुटुंबानं मंगळवार-गुरुवारसाठी विचारलं. त्यांनी नम्रपणे नाही म्हटलं, आणि ज्येष्ठ नागरिक संघातल्या एका मित्राचं नाव सुचवलं. त्या मित्राला मी भेटले. बायकोला सोबत आणायला सांगितलं आहे.