आधी तासांचं कोष्टक, मग पुस्तकांची यादी

प्रिय मित्रा,

तुझा वाचनालयाचा आराखडा मिळाला. सोलापूरचा पूर्व भाग, पहिल्या मजल्यावरचा 20 बाय 30 फुटांचा हॉल, 5,000 पुस्तकं, उद्घाटनाला पाहुणे. पुस्तकांची यादी अकरा पानांची, पण येणार कोण आणि किती वाजता, याबद्दल एक ओळही नाही. यादी सध्या बाजूला ठेव.

घरोघर जा, पण ‘वाचनालय हवं का?’ असं विचारू नकोस. त्याला कुणीच नाही म्हणत नाही, आणि त्या ‘हो’वर काही उभं करता येत नाही. ‘काल संध्याकाळी सहा ते नऊ कुठे होतात?’, ‘गेल्या आठवड्यात काय वाचलंत? मोबाइलवरचंही सांगा’, ‘घरात अभ्यासाला कुठे बसतात?’ असं विचार. प्रश्न आठच, घरं शंभर-सव्वाशे, आणि निम्मी उत्तरं बायकांची. सगळं एकाच रविवारी उरकलंस तर दार पुरुष उघडतील आणि बायकांच्या वतीने तेच बोलतील.

भाषेचा एक रकाना पुरणार नाही, दोन कर: घरात काय बोलता, आणि कोणती लिपी वाचता येते. दुसरा रकाना माणसागणिक भर. घरी तेलुगू बोलतात म्हणून तेलुगूचं कपाट भरायचं, ही चूक सहज होते. मराठी शाळेत शिकलेल्या मुलाला तेलुगू अस्खलित येते, लिपी लागेलच असं नाही. कन्नड आणि उर्दूचंही तसंच.

फॉर्म भरून आले की आडवे तास आणि उभी माणसं, असं कोष्टक मांड. यंत्रमागावरच्या कामगाराची वेळ पाळीवर ठरते. पेपर वाचायला येणाऱ्या आजोबांना सकाळी सातला दार उघडं हवं, भरतीची तयारी करणाऱ्यांना रात्री अकरापर्यंत. विडी कामगार बायकांचा विचार वेगळा कर. माल पोचवून आल्या की दुपारी मांडीवर सूप असतं. हात आणि डोळे गुंतलेले, कान मोकळे. त्यांच्यासाठी तासभर मोठ्याने वाचून दाखवणारं कुणी हवं, आणि ते हॉलमध्ये नको, खाली ओट्यावर. तंबाखूची धूळ पुस्तकांत जाते, मुलांच्या नाकातही.

पाच ते सात हे तास भांडणाचे. लहान मुलं आणि स्पर्धा परीक्षावाले एका हॉलमध्ये नांदत नाहीत. ‘शांतता राखा’ची पाटी लावलीस तर मुलं जातात आणि परत येत नाहीत. हे दोन तास मुलांचे असं उघड जाहीर कर, अभ्यासिका साडेसातनंतर. मुलींना अभ्यासिका हवी असेल तर जिन्यात दिवा आणि आतून कडी लागणारं स्वच्छतागृह आधी, टेबलं नंतर. नाहीतर दिवे लागणीनंतर एकही मुलगी दिसणार नाही आणि आपण म्हणणार, मुलींना आवड नाही.

आता हॉल. तीन फूट रुंद, सहा खणांच्या एकेरी रॅकच्या एका खणात जाड-बारीक धरून 35 पुस्तकं दाटीने मावतात. काढता-घालता यावीत म्हणून 27 धर. म्हणजे रॅकला 162. पाच हजारांना 31 रॅक लागतील, आणि दारं-खिडक्या सोडून तुझ्या भिंतींना जेमतेम वीस मावतात. दोन हजारांवर थांब. 13 रॅक भिंतीला, त्यांच्यापुढे तीन फूट वाट, एक मुलांचा कोपरा आणि साधारण बारा खुर्च्या, एवढंच तिथे बसतं. मुलांच्या कोपऱ्यात चार फुटांहून उंच काही नको, आणि चित्रांची पुस्तकं मुखपृष्ठ समोर येईल अशी लाव.

मधोमध पाठीला पाठ लावून रॅक उभे करायचा मोह होईल. राहत्या घराचा स्लॅब चौरस मीटरला साधारण 200 किलोच्या हिशोबाने केलेला असतो; पुस्तकांच्या दालनासाठी भारतीय मानक 600 किलो धरतं. भिंतीलगत, तुळईजवळ भार चालतो. मधल्या रांगा इंजिनिअरला दाखवल्याशिवाय नकोत. ट्यूबलाइट वाटेला समांतर बसव, नाहीतर खालचे दोन खण कायम अंधारात.

तुमच्याकडे पुस्तकांना ओलीपेक्षा उन्हाळा जास्त छळतो. पश्चिमेच्या भिंतीला आणि पत्र्याखाली रॅक लावलास तर बांधणीचा डिंक वाळतो, पुठ्ठा पाठीपासून सुटतो. भिंतीपासून तीन इंच, जमिनीपासून सहा इंच अंतर ठेव. वाळवीची माती दिसली तर तिथेच दिसेल.

देणगीची पुस्तकं घेताना पावतीवरच छाप: ‘न ठेवलेली पुस्तकं रद्दीत जातील, रक्कम पुस्तक खरेदीला.’ हे न लिहिल्यास जुनी गाईडं आणि दिवाळी अंकांचे गठ्ठे येतात, आणि देणारा दर महिन्याला बघायला येतो. गठ्ठे थेट हॉलमध्ये नेऊ नकोस. पंधरा दिवस वेगळ्या खोलीत ठेवून पुठ्ठ्याच्या आतली बाजू आणि पाठ तपास, कसर तिथे असते.

प्रत्येक पुस्तक दाखल नोंदवहीत चढल्याशिवाय बाहेर जाऊ नये. शिक्का शीर्षकपानावर आणि ठरलेल्या एका गुप्त पानावर. ड्युई, म्हणजे विषयवार आकड्यांची वर्गीकरण पद्धत, लावणार असशील तर नुसतं 891.46 लिहून भागणार नाही. मराठी साहित्य सगळंच तिथे गोळा होतं. निदान कादंबरी-कथेला 891.463, कवितेला 891.461 असं तोड. रंगीत पट्ट्यांवरही काम भागतं, आणि मुलांना त्या पटकन समजतात.

पैशाचं थोडक्यात. खरेदीचा निम्मा निधी उद्घाटनानंतरच्या वर्षासाठी राखून ठेव आणि काउंटरवर ‘मागितलं, मिळालं नाही’ अशी वही ठेव. दुसरी खरेदी त्या वहीतून. वाचकांची अनामत वेगळ्या खात्यात, ती आपली नाही. 1967 च्या ग्रंथालय कायद्याखाली शासनमान्यता आणि अनुदान असतं, पण ते बजेटच्या जमेत आत्ताच धरू नकोस. नव्या ग्रंथालयांना मान्यता चालू आहे का, ते जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना समक्ष विचार. संस्था नोंदवायला सात जण लागतात. त्यांतले दोन तरी असे घे, जे रोज संध्याकाळी किल्ली घेऊन येऊ शकतील.

पुढच्या पत्रासोबत भरलेले फॉर्म पाठव, निदान वीस. कोरा नमुना नको.