चार फिशटँक जोडले, पाणी खालच्या घरात: भरपाई कोणाची?

प्रश्न: आम्ही डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. तीन फुटी चार काचेचे टँक आमच्याकडे होते. फिशटँकच्या दुकानदाराने घरी येऊन काचांना तळाशी होल पाडली, पीव्हीसी पाइप आणि कनेक्टर लावून चारही एकत्र जोडले. दोन महिन्यांत एका होलपासून काच तडकली आणि रात्रीत सगळं पाणी खालच्या हॉलमध्ये उतरलं. खालच्या काकूंनी वकिलामार्फत 1 लाख 80 हजारांची नोटीस दिली आहे. सोसायटी म्हणते, टँक काढा, नाहीतर 25 हजार दंड आणि पाणी बंद. दुकानदार म्हणतो, काचेची गॅरंटी नसते. काय करावं?

उत्तर: काकूंपासून सुरुवात करू, कारण तिथे तुमची बाजू लंगडी आहे. टँक तुमचे, घर तुमचं, पाणी तुमच्याकडून गेलं. ‘जोडणी दुकानदाराने केली’ हे उत्तर त्यांना देऊन उपयोग नाही; त्यांचा त्या माणसाशी व्यवहारच झालेला नाही. नोटिशीत 1868 चा इंग्लंडमधला रायलंड्स विरुद्ध फ्लेचर हा खटला टाकलेला दिसतो. गिरणीमालकाने बांधलेल्या तळ्याचं पाणी शेजारच्या कोळशाच्या खाणीत शिरलं, त्याचा तो निकाल: धोक्याची वस्तू साठवली आणि ती बाहेर पडली, तर चूक नसली तरी साठवणारा जबाबदार. आमच्या व्यवसायात पाणी कुठेही सांडलं की हा खटला बाहेर निघतो. पण घरातल्या नेहमीच्या वापराच्या पाण्याला तो नियम सरसकट लागत नाही, हे 1913 पासून निकालांत आलेलं आहे. मात्र तेवढ्याने सुटका नाही. काकूंना तुमचा निष्काळजीपणा दाखवावा लागेल, आणि तो दाखवायला जागा आहे. टँक सुटे असते तर एक फुटला म्हणून साधारण 120 लिटर पाणी गेलं असतं. तळाशी जोडलेले आणि मध्ये एकही व्हॉल्व्ह नाही, म्हणून चारही रिकामे झाले. समोरचा वकील नेमकं यावर बोट ठेवणार.

म्हणून कोर्टापर्यंत जाऊ नका, पण मागितले तेवढे देऊही नका. भरपाई म्हणजे झालेलं नुकसान भरून देणं, जुन्याच्या जागी नवं कोरं घेऊन देणं नव्हे. नोटिशीतल्या यादीतलं फॉल्स सीलिंग, रंग, गादी मान्य करा. आठ वर्षं जुन्या टीव्हीला नव्याची किंमत लागत नाही. पाणी हॉलमध्ये पडलं असताना यादीत किचन ट्रॉली कशी आली, हेही विचारा. रक्कम ठरली की ‘या घटनेबाबत आता कोणतीही मागणी उरलेली नाही’ असं लिहून, सह्या घेऊन, बँकेतूनच द्या. काकूंची घरविम्याची पॉलिसी असेल तर पाण्याच्या टाक्या-पाइप फुटून झालेलं नुकसान त्यात बसतं का, ते आधी बघायला सांगा. मात्र विमा कंपनीने पैसे दिले तर ती ते तुमच्याकडून वसूल करायला येऊ शकते.

आता दुकानदार. इथे पारडं तुमच्याकडे झुकतं. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये वस्तूत नंतर फेरफार झाला असेल तर विक्रेत्याला उत्पादन-दायित्वातून (सदोष वस्तूने झालेल्या नुकसानीच्या जबाबदारीतून) सूट आहे, आणि दुकानदार तीच ढाल पुढे करेल. होल तुम्ही स्वतः ड्रिलने पाडली असती तर मीही तुम्हाला गप्प बसा म्हटलं असतं. पण फेरफार त्याने केला आणि त्याचे पैसे घेतले. तुमची तक्रार काचेबद्दल नाहीच, जोडणीच्या कामाबद्दल आहे. कायद्याच्या भाषेत सेवेतली त्रुटी. ‘काचेची गॅरंटी नाही’ हे वाक्य कामाच्या दर्जाला लागू होत नाही. कडक पाइपने दोन टँक जखडले की स्टँड जरासा हलला तरी ताण होलच्या कडेवर येतो. तुमच्या टँकचं हेच झालं का, हे दुसऱ्या जाणकाराकडून लेखी घ्या. तडकलेली काच आणि कनेक्टर भंगारात देऊ नका. ‘बघतो’ म्हणून दुकानदार न्यायला आला तरी देऊ नका.

पक्कं बिल नाही, म्हणून घाबरू नका. बिल न देणं हीच या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. जीपेची नोंद आणि ‘उद्या चारही जोडून देतो’ हा त्याचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज पुरेसा बोलका आहे. फोन बदलू नका. फोनमधला असा पुरावा देताना त्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडावं लागेल.

सोसायटीचं मला फारसं अवघड वाटत नाही. कमिटी मनाला येईल तो दंड लावू शकत नाही. आधी कारणे दाखवा नोटीस, तुमचं म्हणणं ऐकणं, मग जनरल बॉडीचा निर्णय. आणि आदर्श उपविधींत, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या सरकारी नमुना नियमांत, दंडाला वर्षाला पाच हजारांची मर्यादा आहे. तुमच्या सोसायटीने कोणते उपविधी स्वीकारलेत ते सेक्रेटरींकडून मागवा. पाणी तोडण्याचा अधिकार त्यांत कुठेही नाही. टँकच्या वजनाची शंका कोणी काढली तर ती मात्र रास्त आहे. पाणी, काच, वाळू, स्टँड मिळून सहाशे-सातशे किलो सहज होतात, आणि राहत्या खोलीचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला 200 किलो धरून डिझाइन केलेला असतो. तो आकडा खोलीभर पसरलेल्या भाराचा आहे, त्यामुळे टँक बीमजवळ आहेत की स्लॅबच्या मधोमध, यावर बरंच अवलंबून. स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र आणून द्या. ते येईपर्यंत टँक भरू नका.

दुकानदाराला आधी पंधरा दिवसांची लेखी नोटीस पाठवा. काकूंना दिलेली रक्कम, टँक, मासे, सगळं त्यात मागा. दाद दिली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जा. घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे, दुकान कुठेही असलं तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार चालते, आणि दुकानदाराला दिलेला मोबदला पाच लाखांच्या आत असल्याने फी लागणार नाही.