ग्रीन बेल्ट झाला, बढती कधी?

प्रश्न : वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कारखान्यात मी सहा वर्षं पॅकिंग सुपरवायझर आहे. गेल्या वर्षी सुट्टीच्या दिवशी क्लास करून सिक्स सिग्माचा, म्हणजे कामातले दोष मोजून कमी करण्याच्या पद्धतीचा, ग्रीन बेल्ट घेतला. प्रमाणपत्र एचआरला दिलं, पण पद आणि पगार जागच्या जागी. आता त्यावरचा ब्लॅक बेल्ट करू का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : तूर्त फी भरू नका. बेल्ट देणारी एकच अधिकृत संस्था नाही. कुणी दोन दिवसांत देतं, कुणी कडक परीक्षा घेऊन. म्हणून मुलाखत घेणारा आधी विचारतो, ‘प्रोजेक्ट कोणता केलात?’ अमेरिकेतली एएसक्यू ही संस्था तर ब्लॅक बेल्टच्या परीक्षेसाठी पूर्ण झालेले दोन प्रोजेक्ट मागते, किंवा एक प्रोजेक्ट आणि या क्षेत्रातला तीन वर्षांचा अनुभव.

प्रोजेक्ट तुमच्या समोरच उभा आहे : गोळ्या स्ट्रिपमध्ये बंद करणाऱ्या ब्लिस्टर मशीनचा चेंजओव्हर, म्हणजे एका बॅचवरून दुसऱ्या बॅचवर जाणं. आधी वेळ कशी मोजायची ते ठरवा. जुन्या बॅचची शेवटची चांगली स्ट्रिप ते नव्या बॅचची पहिली चांगली स्ट्रिप, एवढा सगळा वेळ. बहुतेक जण मशीन सुरू झालं की घड्याळ बंद करतात आणि नंतरच्या सेटिंगमध्ये, रिजेक्ट स्ट्रिपांमध्ये गेलेली वीस मिनिटं हिशेबातून गळतात. तिन्ही शिफ्टमधले निदान २०-२५ चेंजओव्हर नोंदवा, कोणत्या प्रॉडक्टवरून कोणत्यावर गेलो हेही लिहा.

मग प्रत्येक काम दोन रकान्यांत टाका : मशीन बंद असतानाच होणारं आणि मशीन चालू असतानाही उरकता येणारं. जपानचे शिगेओ शिंगो यांनी रुजवलेली ही पद्धत. चेंज पार्ट (प्रॉडक्टनुसार बदलायचे मशीनचे भाग) स्टोअरमधून आणणं, फॉइलचा रोल जवळ ठेवणं, बॅच नंबरचा स्टिरिओ (छपाईचा ठसा) तपासून ठेवणं ही सगळी कामं आधी होऊ शकतात. पार्टची ट्रॉली बॅच संपायच्या अर्धा तास आधी मशीनपाशी हवी. लाइन क्लिअरन्ससाठी, म्हणजे जुन्या बॅचचं काही उरलं नाही ना हे तपासायला, क्यूएचा (गुणवत्ता विभागाचा) माणूस येईपर्यंत किती थांबावं लागतं, तेही वेगळं मोजा; मोठं भोक बऱ्याचदा तिथेच सापडतं. त्याला आधी फोन गेला तर एक पैसाही खर्च न होता वेळ वाचतो.

एक सक्त सूचना. सीलिंगचं तापमान किंवा मशीनचा वेग चेंज कंट्रोलच्या (बदलांना रीतसर परवानगी देण्याच्या व्यवस्थेच्या) मंजुरीशिवाय बदलायचा नाही. व्हॅलिडेशन झालेली, म्हणजे चाचण्यांनी सिद्ध केलेली, प्रक्रिया परस्पर बदलली, तर बढती राहिली बाजूला, चौकशी मागे लागेल.

समजा, चेंजओव्हर ९० मिनिटांवरून ६० वर आला आणि आठवड्याला १० होतात, तर ३०० मिनिटं म्हणजे पाच तास सुटले. मिनिटाला २०० स्ट्रिप निघत असतील, तर ६०,००० स्ट्रिप जास्त. पण पुढे कार्टनिंगच (स्ट्रिपा खोक्यांत भरणं) अडत असेल, तर या स्ट्रिपा नुसत्या साचतील आणि फायदा कागदावरच राहील. म्हणून बचतीचा आकडा स्वतः ठोकू नका. अकाउंट्सकडून तपासून सही घ्या. ती सही प्रमाणपत्राहून वजनदार. सुधारणा तीन महिने टिकल्याचा आलेख जोडून वार्षिक मूल्यमापनाच्या महिनाभर आधी प्लांट हेडसमोर दहा मिनिटं मागा, आणि ऑपरेटरांची नावं पहिल्या पानावर घाला. त्यांच्या मनात नसेल, तर चौथ्या महिन्यात सगळं मूळपदावर येतं.

प्रश्न : मी कळंगुटला हॉटेलात हाउसकीपिंग सांभाळते. हे आमच्या उपयोगाचं आहे का?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : नक्कीच. पाहुण्याने खोली सोडली ते रिसेप्शनला ‘तयार’ कळलं, हा वेळ दोन आठवडे लिहून काढा. प्रत्यक्ष सफाईपेक्षा लॉन्ड्रीतून चादरी यायची वाट आणि तयार खोलीचा निरोप न पोचणं यातच जास्त वेळ जाताना दिसेल. हंगाम सुरू व्हायच्या आधी, सप्टेंबरातच मोजायला घ्या. डिसेंबरात कुणालाच उसंत नसते.