नवरा अमेरिकन नागरिक, मी मुंबईत. टुरिस्ट व्हिसावर जाऊन तिथेच ग्रीन कार्डचा अर्ज करू का?

नका करू.

तुम्ही लिहिलंय त्यावरून: लग्नाला चार महिने झालेत, नवरा अमेरिकन नागरिक आहे आणि परत गेलाय, तुमच्या पासपोर्टवर ऑफिसच्या कामासाठी काढलेला दहा वर्षांचा बी-१/बी-२ व्हिसा, म्हणजे कामाच्या भेटीचा नि टुरिस्ट व्हिसा, शिल्लक आहे, आणि नणंद म्हणते, "तू ये तर खरी, आल्यावर बघू." नणंदेच्या मनात वाईट नसेल. पण विमानतळावर अधिकाऱ्यासमोर नणंद नसते, तुम्ही असता.

तो विचारणार, कशाला आलात, परत कधी जाणार. कायमचं राहायचं ठरवून निघालात आणि "तीन आठवड्यांनी परत" असं सांगितलंत, तर ते खोटं धरलं जातं. खोटी माहिती दिल्याचा शेरा एकदा फाइलवर बसला की तो जन्मभराचा; मग वेगळा अर्ज करून माफी मागायची, मिळाली तर मिळाली. पोहोचल्यावर नव्वद दिवसांच्या आत ग्रीन कार्डाचा अर्ज केला तर संशय आणखी बळावतो. काहींना हे पचलंय, मलाही अशी दोन-तीन माणसं माहीत आहेत. ज्यांना पचलं नाही ती लग्नाच्या हॉलमध्ये येऊन सांगत नाहीत, एवढाच फरक.

सरळ रस्ता असा. नवऱ्याने तिथून आय-१३०, म्हणजे 'ही माझी बायको, हिला इकडे येऊ द्या' असा अर्ज, भरायचा. तो मंजूर झाला की फाइल नॅशनल व्हिसा सेंटरकडे, म्हणजे एनव्हीसीकडे जाते. तिथे फी, डीएस-२६० हा तुमचा अर्ज, तुमची कागदपत्रं आणि नवऱ्याचं आय-८६४, म्हणजे तुमच्या खर्चाची हमी. त्याचं उत्पन्न तिथल्या दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के तरी हवं. मग मेडिकल, मग मुलाखत. नागरिकाच्या बायकोला कोट्याची रांग नसते, तरी माझं सगळं मिळून सव्वा वर्ष गेलं. भारतातल्या इमिग्रंट व्हिसाच्या, म्हणजे कायमचं राहायला जाण्याच्या व्हिसाच्या, मुलाखती मुंबईतच होतात. दिल्ली-चेन्नईची माणसं त्यासाठी इथे येऊन हॉटेलात उतरतात, आपण रिक्षा करून बीकेसीच्या अमेरिकन कॉन्सुलेटला जातो. तेवढं एक सुख मुंबईकराला. (२०११ पर्यंत कॉन्सुलेट ब्रीच कँडीला होतं. माझ्या आतेबहिणीने तिथली फुटपाथवरची रांग पाहिलीय, तिचं ऐकलं तर आपण फारच लाडात आहोत.)

आता ज्यात माझे अडीच महिने गेले ते सांगते. नाव.

आमच्याकडे गृहप्रवेशानंतर लक्ष्मीपूजन झालं, सासूबाईंनी ताटात तांदूळ पसरले आणि नवऱ्याने अंगठीने त्यात माझं नवं नाव लिहिलं. पेढे वाटले, सगळे खूश, मीही. मी ते गंमत म्हणून घेतलं. पण विवाह नोंदणीचा फॉर्म मामेसासऱ्यांनी भरला आणि पत्नीच्या नावाच्या रकान्यात ते तांदळातलं नाव टाकलं. मी सही करताना वाचलं नाही, कारकुनानेही तसंच चढवलं. पासपोर्टवर मी माहेरची, विवाहाच्या दाखल्यावर कुणी तिसरीच. आमच्या दोघांच्या कधीच लक्षात आलं नाही. एनव्हीसीकडून कागद परत आला तेव्हा कळलं.

मग दुरुस्ती. पुन्हा वॉर्ड ऑफिस, पुन्हा स्टँप पेपरवर प्रतिज्ञापत्र, पुन्हा लग्नपत्रिका, पुन्हा साक्षीदार गोळा करणं. लग्न लावणाऱ्या गुरुजींचीही सही हवी म्हणाले, आणि गुरुजी तोवर मुलाकडे चिपळूणला गेलेले. नवऱ्याच्या मावसभावाने फॉर्म घेऊन एसटीने जाऊन सही आणली. गुरुजींनी त्याला जेवायला घातलं आणि वर विचारलं, "कुठल्या लग्नाचं म्हणालात?"

म्हणून पासपोर्टवरचं नाव हेच मूळ माना आणि बाकी सगळं त्याच्याशी अक्षर न् अक्षर जुळवा. लग्न झालं म्हणून पासपोर्टवरचं नाव बदललंच पाहिजे असा नियम नाही; मी आजही माहेरच्या नावावर फिरते आणि संसार व्यवस्थित चालू आहे. सासरचं नाव कुठेही वापरलं असेल, अगदी बँकेत सुद्धा, तर डीएस-२६० मध्ये 'आणखी कुठली नावं वापरलीत' या प्रश्नाखाली ते लिहा. लपवण्यासारखं त्यात काही नसतं, पण गाळलं तर लपवल्यासारखं दिसतं.

जन्माचा दाखला आजच बाहेर काढा. माझ्या दाखल्यावर नावाची जागा कोरी होती, नुसतं 'स्त्री'. तसं असेल तर महापालिकेत नाव चढवून घ्या. नोंदच सापडत नसेल तर ती उपलब्ध नसल्याचा दाखला घ्यायचा आणि जोडीला शाळा सोडल्याचा दाखला नि आईवडिलांचं प्रतिज्ञापत्र. मराठीतल्या प्रत्येक कागदाला इंग्रजी भाषांतर आणि त्यावर भाषांतर करणाऱ्याची सही. पोलीस क्लिअरन्स, म्हणजे तुमच्यावर गुन्हा नसल्याचा दाखला, पासपोर्ट सेवा केंद्रातून, पाचशे रुपये. त्यात तुम्ही आत्ता खरंच राहता तोच पत्ता द्या. हवालदार सासरी आणि तुम्ही माहेरी, असं नको.

मेडिकलला छातीचा एक्स-रे असतो. आपल्या शहरात टीबी होऊन बरी झालेली माणसं कमी नाहीत, आणि जुना डाग दिसला तरी लागोपाठ तीन दिवस थुंकीचे नमुने देऊन कल्चरच्या रिपोर्टसाठी दोनेक महिने थांबावं लागतं. माझ्याआधी नंबर असलेल्या एक बाई त्यातच अडकल्या आणि त्यांनी नोकरीचा राजीनामा आधीच दिला होता. व्हिसा हातात येईपर्यंत राजीनामा नको, तिकीट नको.

मुलाखतीची सगळ्यांना भीती वाटते, पण ती दहा मिनिटांत आटोपली. ठरवून केलेलं लग्न त्यांना नवं नाही. "लग्नाला किती लोक होते?" साडेतीनशे. "त्यातले तुमच्याकडचे?" म्हटलं, पन्नास, हॉलचा खर्च सासऱ्यांचा होता. गोरा अधिकारी खिडकीमागे खो-खो हसला. फोन मात्र घरी ठेवा, आत नेता येत नाही.

तुमच्या लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत तुम्ही तिथे उतरलात तर ग्रीन कार्ड दोनच वर्षांचं, अटीचं मिळतं. दोन वर्षं पूर्ण झाल्यावर उतरलात तर दहा वर्षांचं. म्हणजे व्हिसा आला तेव्हा लग्नाचा दुसरा वाढदिवस पंधरा दिवसांवर असेल, तर पंधरा दिवस आईच्या हातचं जेवा आणि मग निघा. अटीचं मिळालं तर ते संपायच्या आधीच्या नव्वद दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१, म्हणजे ती अट काढण्याचा अर्ज, भरायचा, सोबत एकत्र राहत असल्याचे पुरावे: दोघांच्या नावाचं बँक खातं, घरभाड्याचा करार, विमा.

नव्या नवरीला हे ऐकायला आवडणार नाही, तरी लिहिते. तो अर्ज दोघांनी भरायचा असला तरी घटस्फोट झाला किंवा घरात मारहाण होत असेल तर बाईला एकटीलाही भरता येतो. "सही करणार नाही, तुला परत पाठवीन" ही धमकी वाटते तेवढी खरी नसते. पासपोर्ट स्वतःच्या कपाटात ठेवा आणि सगळ्या कागदांची एक प्रत आईकडे.

हे वाचणाऱ्या कुणाचा नवरा एच-१बीवर, म्हणजे तिथल्या नोकरीच्या व्हिसावर असेल तर तिचं गणित अगदी वेगळं. एच-४ वर, म्हणजे अशा नवऱ्याच्या बायकोच्या व्हिसावर, नोकरीची परवानगी २०१५ पासून मिळते, पण बहुतेक वेळा नवऱ्याचा आय-१४०, म्हणजे कंपनीने त्याच्या ग्रीन कार्डासाठी भरलेला अर्ज, मंजूर झाल्यावरच. त्यावर वेगळा प्रश्न टाका.

तुमचा शेवटचा प्रश्न, तिथे गेल्यावर लगेच नोकरी करता येईल का: हो, इमिग्रंट व्हिसावर उतरल्या दिवसापासून नोकरी करता येते. कार्ड पोस्टाने यायचं असतं, तोवर व्हिसावर बसलेला प्रवेशाचा शिक्का वर्षभर चालतो.

तोपर्यंत नवऱ्यालाच इकडे बोलवा, त्याच्याकडे ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाचं कार्ड, असेल तर त्याला अडवणारं कुणी नाही. आणि तो आय-१३० भरायला बसेल तेव्हा व्हिडिओ कॉल लावून, पत्नीच्या रकान्यात त्याने कुठलं नाव टाकलंय ते मोठ्याने वाचून दाखवायला सांगा.