वाचकांचे प्रश्न : मंचावरील कीबोर्ड आणि सॅम्पल मेमरीचा हिशेब

गणेशोत्सव आणि नवरात्र जवळ आले की या सदराकडे कीबोर्डवादकांची पत्रे वाढतात आणि त्यांतील बहुतेकांची तक्रार एकच असते : नवे आवाज भरायचे आहेत, पण वाद्यात जागा उरलेली नाही. या वेळी अशी चार पत्रे घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण त्यातील हिशेब उरलेल्या तिघांनाही लागणार आहे.

प्रश्न : मी सांगली भागातील एका ऑर्केस्ट्रात यामाहा मोटिफ एक्सएफ वाजवतो. वाद्य वापरलेले घेतले. त्यात 1 जीबीचे एक फ्लॅश बोर्ड (वाढीव मेमरीचे कार्ड) आहे आणि विक्रेत्याने त्यात पुष्कळ ‘इंडियन टोन’ भरून दिले होते. आता पेटी, सनई आणि संबळ यांचे स्वतः रेकॉर्ड केलेले सॅम्पल (ध्वनीचे नमुने) घालायचे आहेत, पण मेमरी भरल्याचा संदेश येतो. नको असलेले बरेच व्हॉइस पुसले, तरी जागा मोकळी झाली नाही. दुसरे बोर्ड घ्यावे का?

उत्तर : दुसऱ्या बोर्डाची घाई करू नये. आपण व्हॉइस पुसले, वेव्हफॉर्म पुसलेले नाहीत. व्हॉइस म्हणजे कोणता वेव्हफॉर्म, कोणत्या फिल्टरमधून, किती रिव्हर्ब देऊन वाजवायचा याची काही ओळींची नोंद असते. प्रत्यक्ष ध्वनी वेव्हफॉर्ममध्ये साठवलेला असतो आणि व्हॉइस गेला तरी तो बोर्डावर तसाच राहतो. ग्रंथालयातील सूचीपत्र फाडले म्हणून कपाटातील पुस्तके कमी होत नाहीत, तसा हा प्रकार आहे. व्हॉइस आधीच पुसल्यामुळे आता एक अडचण मात्र वाढली आहे : कोणता वेव्हफॉर्म कशासाठी होता, हे नावावरून आणि कानाने ओळखावे लागेल.

त्यासाठी प्रथम वाद्यातील सर्व मजकूर सॅम्पलसह एका पेनड्राइव्हवर आणि त्याची प्रत संगणकावर ठेवावी. ही प्रत तयार होईपर्यंत काहीही पुसू नये. ‘ऑल’ प्रकारची फाइल लोड केली की आधीचे युजर व्हॉइस, परफॉर्मन्स (एकत्र जुळवलेले व्हॉइस) आणि साँग यांच्यावर नवा मजकूर लिहिला जातो, हेही ध्यानात ठेवावे. मित्राकडून आलेली फाइल ‘फक्त ऐकून पाहू’ म्हणून लोड करणाऱ्यांचे नुकसान येथेच होते. त्यानंतर वेव्हफॉर्मची यादी काढावी, सध्याच्या कार्यक्रमात लागणाऱ्या प्रत्येक व्हॉइसमधील एलेमेंट (व्हॉइसचे घटक) उघडून त्याचा वेव्हफॉर्म क्रमांक कागदावर लिहावा आणि यादीत जे क्रमांक आलेच नाहीत ते काढून टाकावेत. हे काम वाद्याच्या पडद्यावर कंटाळवाणे आहे. जॉन मेलास यांनी मोटिफ मालिकेसाठी तयार केलेली संगणकीय साधने अनेक वादक वापरतात, त्यांत वेव्हफॉर्मची संपूर्ण यादी एका नजरेत दिसते. विकत किंवा फुकट मिळालेल्या संग्रहांत एकच पेटी तीन निरनिराळ्या नावांनी सापडणे ही नेहमीची गोष्ट आहे.

आता आपल्या स्वतःच्या सॅम्पलकडे वळू. 44.1 किलोहर्ट्‌झ आणि 16 बिट या दर्जाचा एका सेकंदाचा मोनो ध्वनी 88,200 बाइट जागा घेतो, स्टीरिओ ध्वनी त्याच्या दुप्पट, म्हणजे 1,76,400 बाइट. सर्व निर्णय या दोन आकड्यांवरून करता येतात. समजा, पेटीच्या 3 सप्तकांतील 37 पट्ट्या आपण एकेक करून, प्रत्येकी 12 सेकंद, स्टीरिओमध्ये घेतल्या, तर 444 सेकंदांचे सुमारे 78 एमबी होतात. त्याच पेटीचा दर तिसरा स्वर घेतला, म्हणजे सुमारे 12 स्वर, तो मोनोमध्ये आणि लूप (स्वर धरला असता पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा) लावून 4 सेकंदांत बसवला, तर 48 सेकंदांचे 4.2 एमबी होतात. मंडपातील ध्वनिव्यवस्थेत, ढोलकी आणि गायक यांच्या सोबतीने वाजताना, या दोन पेट्यांतील फरक श्रोत्याला कळत नाही. बहुतेक ठिकाणी मिक्सरवर कीबोर्डला एकच चॅनेल मिळते आणि तेथे स्टीरिओ आपोआपच मोनो होतो. शिवाय मोटिफ एक्सएफच्या एका वेळी 128 स्वर वाजवण्याच्या मर्यादेत स्टीरिओ वेव्हफॉर्म दोन जागा अडवतो, म्हणून स्टीरिओचा हट्ट मेमरीपेक्षाही तेथे महाग पडतो.

पेटीला वेगाचे, म्हणजे हळू-जोरात दाबण्याचे, थर देणे ही निव्वळ उधळपट्टी आहे. खऱ्या पेटीत आवाजाचा चढउतार भात्यावर असतो, पट्टी किती जोरात दाबली यावर नसतो. एकच थर घ्यावा आणि भात्याचे काम एक्स्प्रेशन पेडलकडे द्यावे. खरी मेहनत लूपवर करावी. डबल रीडच्या पेटीत खरज आणि नर हे सूर एकमेकांशी काटेकोर जुळलेले नसतात, त्यामुळे आवाजात एक संथ लहर येते. लूपची सुरुवात आणि शेवट त्या लहरीच्या एकाच टप्प्यावर आले नाहीत तर दाबून धरलेला स्वर उचकी लागल्यासारखा ऐकू येतो. लूपमध्ये एक किंवा दोन पूर्ण लहरी बसतील अशी लांबी निवडावी आणि सांधा क्रॉसफेडने, म्हणजे दोन्ही टोके एकमेकांत हळूहळू मिसळून, मिटवावा. हे संगणकावर हेडफोन लावून करावे. वाद्याच्या लहान पडद्यावर सांधा कानाने शोधण्यात संध्याकाळ जाते. काही वाद्ये वेव्ह फाइलमध्ये लिहिलेले लूपचे बिंदू वाचतात, काही वाचत नाहीत, म्हणून आधी एकाच स्वरावर चाचणी घेणे शहाणपणाचे.

सनईचा मामला उलट आहे. तिची ओळख स्वर सुरू होतानाच्या फुंकेत आहे, तेव्हा सुरुवातीचा भाग कापू नये. मात्र वादकाला आंदोलन न घेता सरळ स्वर धरायला सांगावे, कारण सॅम्पल वरच्या पट्टीवर ताणला की त्यातील आंदोलनही जलद होते आणि खालच्या पट्टीवर संथ. शेजारच्या दोन स्वरांचे आंदोलन दोन वेगांनी चालू झाले की कृत्रिमपणा लगेच उघडा पडतो. आंदोलन मॉड्युलेशन व्हीलवर आणि मींड पिच बेंडवर घ्यावी. सनईला दर दुसरा स्वर घेण्याइतकी उदारता मी दाखवीन, पेटीला दाखवणार नाही.

संबळाला लूप नको, पण थर हवेत. 12 आघात, प्रत्येकी 4 थर आणि प्रत्येकी 1 सेकंद घेतला तरी पुन्हा 48 सेकंद, म्हणजे पेटीइतकेच 4.2 एमबी होतात. रेकॉर्डिंग कोरडे असावे. खोलीचा घुमारा सॅम्पलमध्ये आला की त्याची शेपूट जागा खाते आणि वर वाद्याचा रिव्हर्ब बसल्यावर आघात पुसट होतो.

शेवटची सूचना कामाच्या पद्धतीबद्दल. मोटिफ एक्सएफमध्ये फ्लॅश बोर्डाखेरीज 128 एमबीची सॅम्पलिंग मेमरी असते आणि ती वीज जाताच रिकामी होते. नवे वेव्हफॉर्म प्रथम तेथे वाजवून, ताणून, दुरुस्त करून पाहावेत आणि पक्के झालेलेच फ्लॅशवर न्यावेत. अर्धवट प्रयोग फ्लॅशवर साठू लागले की वर्षभरात पुन्हा हाच प्रश्न उभा राहतो.

प्रश्न : माझ्याकडे मोटिफ एक्सएस आहे आणि आमचे कार्यक्रम सातारा भागातील यात्रा-जत्रांत होतात. जनरेटर बदलताना वीज जाते आणि सगळे सॅम्पल नाहीसे होतात. पुन्हा लोड होईपर्यंत निवेदकाला वेळ मारून न्यावी लागते. उपाय काय?

उत्तर : आपल्या वाद्यात दोष नाही, त्याची रचनाच तशी आहे. 2007 साली आलेल्या मोटिफ एक्सएसमध्ये सॅम्पलसाठी संगणकासारख्या डीआयएमएम (मेमरीच्या) पट्ट्या, जास्तीत जास्त 1 जीबीपर्यंत, बसवता येतात आणि त्या वीज असेपर्यंतच मजकूर धरून ठेवतात. 1999 सालच्या कॉर्ग ट्रायटनचेही तसेच होते, फक्त तेथे मर्यादा 64 एमबी होती. फ्लॅश बोर्डाची सोय यामाहाने 2010 साली एक्सएफपासून दिली, ती आपल्या वाद्याला जोडता येत नाही.

पहिला उपाय सर्वांत साधा आहे आणि आश्चर्य म्हणजे तोच सर्वांत कमी वापरला जातो : कीबोर्डसाठी स्वतंत्र लहान यूपीएस. कीबोर्डची विजेची गरज ॲम्प्लिफायरच्या मानाने किरकोळ असते. त्या यूपीएसवर मिक्सर, पंखा किंवा कोणाचा मोबाइल चार्जर लावू देऊ नये.

दुसरा उपाय मेमरीच्या मांडणीचा आहे. लोड होण्यास लागणारा वेळ फाइलच्या आकाराप्रमाणे वाढतो, म्हणून 1 जीबी मेमरी आहे म्हणजे ती भरलीच पाहिजे असे नाही. आपण दोन फाइली तयार कराव्यात. एकीत त्या रात्रीच्या यादीतील सर्व सॅम्पल असावेत. दुसरीत पेटी, संबळ आणि ढोलकीचे मोजके आघात, एवढेच 15 ते 20 एमबी असावेत. वीज गेलीच तर दुसरी फाइल लोड करून कार्यक्रम चालू करावा आणि मोठी फाइल मध्यंतरात घ्यावी. वाद्य सुरू होताच ठरावीक फाइल आपोआप लोड करण्याची सोय या मालिकेत आहे, तेथे लहान फाइलच नेमावी. याशिवाय नांदी, स्वागतगीत आणि निवेदनामागील संगीत यांच्यासाठी वाद्याच्या कायम मेमरीतील पियानो, स्ट्रिंग आणि बासरीच वापरावी. हे आवाज वाद्य सुरू होताच हाताशी असतात.

पेनड्राइव्ह फॅट 32 पद्धतीने फॉरमॅट केलेला आणि फक्त याच कामासाठी राखलेला असावा. लग्नाचे फोटो आणि गाण्याच्या फाइली एकाच पेनड्राइव्हवर ठेवून मंचावर फोल्डर शोधत बसणारे वादक मी पुष्कळ पाहिले आहेत. त्याची एक प्रत गायकाच्या किंवा ढोलकीवाल्याच्या पिशवीत राहू द्यावी.

प्रश्न : हळदी आणि दहीहंडीच्या कार्यक्रमांसाठी मी यामाहा एमओडीएक्समध्ये ढोलकी-ताशाचे तयार ट्रॅक सॅम्पल म्हणून घातले आहेत. तीसेक ट्रॅकमध्येच निम्म्याहून अधिक मेमरी संपली. शिवाय गायकासाठी ट्रान्सपोज केले की कळींवरचे आघात बदलतात. काय करावे?

उत्तर : 2018 सालच्या एमओडीएक्समध्ये वापरकर्त्यासाठी 1 जीबी फ्लॅश आहे. दोन मिनिटांचे 30 स्टीरिओ ट्रॅक म्हणजे एक तासाचा ध्वनी, आणि त्याचे सुमारे 635 एमबी होतात. तेव्हा आपला अनुभव हिशेबाला धरूनच आहे. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसलग वाजणारी, वादकाने मध्ये हात न लावायची गोष्ट सॅम्पल मेमरीत ठेवण्याचे कारण नाही. आपले वाद्य पेनड्राइव्हवरील वेव्ह फाइल थेट वाजवते. पूर्ण ट्रॅक तेथे न्यावेत.

ज्या ठेक्यावर आपण स्वतः कमीजास्त करता, तेवढाच मेमरीत ठेवावा, आणि तोही आवर्तनाने कापून. 120 च्या लयीत चार ठोक्यांचे दोन बार 4 सेकंदांचे होतात. मोनोत ते 0.35 एमबीत बसतात. मूळ ठेका, त्याचा भरीव प्रकार, उठाण आणि तिहाई असे चार तुकडे केले तर दीड एमबीच्या आत संपूर्ण गाणे उभे राहते आणि गायकाने अंतरा पुन्हा घेतला तरी ट्रॅक पुढे निघून जात नाही. लय फार बदलत असेल तर एकच तुकडा ताणण्यापेक्षा तोच ठेका दोन-तीन लयींत वाजवून घ्यावा, 0.35 एमबीच्या हिशेबात ती चैन परवडते आणि ढोलकीची चाट जागेवर राहते.

ट्रान्सपोजची अडचण मेमरीची नाही, पण उत्तर देतो. अनेक वर्कस्टेशनवर ट्रान्सपोज करताना कळीने पाठवलेला स्वर क्रमांकच सरकतो, त्यामुळे ‘सा’वर ठेवलेला आघात दोन कळी पलीकडे जातो. संपूर्ण वाद्य ट्रान्सपोज करण्याऐवजी फक्त सुरेल पार्टांची नोट शिफ्ट बदलून काळी एक, काळी चार अशा नेहमीच्या पट्ट्यांचे परफॉर्मन्स वेगळे साठवावेत. त्यासाठी मेमरी जवळजवळ लागत नाही, कारण सर्वांमागे वेव्हफॉर्म तेच असतात. ढोलकी त्या पट्टीला लावायची असेल तर तेवढ्या पार्टचा पिच स्वतंत्रपणे हलवावा. दोन श्रुतींहून अधिक हलवल्यास घुमारा आणि चाट यांचा मेळ बिघडू लागतो.

प्रश्न : कॉर्ग क्रोनोस एसएसडीवरून (आतील कायमच्या साठवणीवरून) सॅम्पल वाजवते, असे ऐकले आहे. मग ते घेतल्यास मेमरीची चिंताच उरत नाही का?

उत्तर : कमी होते, संपत नाही. 2011 साली आलेल्या क्रोनोसमध्ये मोठे सॅम्पल सुरुवातीच्या तुकड्यापुरते रॅममध्ये (वीज असेपर्यंतच टिकणाऱ्या मेमरीत) राहतात आणि पुढचा भाग वाजत असताना एसएसडीवरून येतो. वापरकर्त्याच्या स्वतःच्या सॅम्पललाही ही सोय नंतरच्या सिस्टिममध्ये मिळाली. तरी सुरुवातीचे असे शेकडो तुकडे रॅममध्ये जागा घेतातच, आणि सुरू होताना लोड करायच्या बँकांची (सॅम्पलच्या संचांची) यादी वाढली की आधीच दोन मिनिटांच्या घरात असलेला सुरू होण्याचा वेळ आणखी लांबतो. तानपुऱ्यासारखे लांब ध्वनी एसएसडीवरून वाजू द्यावेत, ढोलकी-संबळासारखे तोकडे आघात पूर्ण रॅममध्ये घ्यावेत, आणि आपोआप लोड होणाऱ्या यादीत त्या हंगामात वाजणाऱ्याच बँका ठेवाव्यात. साताऱ्याच्या वाचकांना सुचवलेला यूपीएस येथेही लागेल.