गावठी, गावरान आणि कंट्री

प्रश्न असा आला आहे: "आमच्या सोसायटीत महिन्यातून एकदा गाणी ऐकायची बैठक असते. या वेळी अमेरिकी गाणी ठेवली आहेत. पत्रकात फोकला 'लोकसंगीत', कंट्रीला 'ग्रामीण संगीत', रूट्स रॉकला 'मूळ रॉक' आणि फोक सिंगरला 'लोकगायक' लिहिलं तर चालेल का?"

आधी 'ग्रामीण' घेऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. हा शब्द आपल्याकडे रुग्णालयाच्या आणि बँकेच्या पाटीवरचा. त्यात ना माया, ना कुचेष्टा. 'कंट्री'च्या पोटात मात्र दोन्ही आहेत. १९२५ साली अल हॉपकिन्स आणि त्याचे साथीदार न्यूयॉर्कला रेकॉर्डिंगसाठी गेले. बँडचं नाव काय लिहू, असं रेकॉर्ड कंपनीच्या राल्फ पीरने विचारलं तेव्हा, आम्ही डोंगरातले हिलबिली, काय हवं ते लिही, अशा अर्थाचं उत्तर मिळालं. पीरने 'हिल बिलीज' लिहून टाकलं आणि पुढे 'कंट्री' म्हटल्या गेलेल्या सगळ्या गाण्यांनाच ते नाव चिकटलं. हिलबिली म्हणजे आपलं 'गावठी'. स्वतःबद्दल हसत म्हणता येतं, दुसऱ्याने म्हटलं की झोंबतं. पुढे संगीतधंद्याच्या 'बिलबोर्ड' साप्ताहिकाने १९४४ मध्ये ज्यूकबॉक्सवरच्या (नाणं टाकून गाणं लावायच्या यंत्रावरच्या) अशा गाण्यांची यादी 'फोक' या नावाने काढली आणि १९४९ मध्ये तिचंच 'कंट्री अँड वेस्टर्न' केलं. माल तोच, पाटी नवी. आपल्याकडे गावठी कोंबडीची हॉटेलच्या बोर्डावर 'गावरान' झाली आणि दर वाढला, तसंच हे.

म्हणजे अर्थाने 'गावरान' सगळ्यात जवळचा. तरी पत्रकात तो लिहू नका. 'गावरान गाणी' वाचून येणारा श्रोता वेगळ्याच अपेक्षेने येईल. 'कंट्री'च ठेवा, रॉक ठेवतो तसा.

'लोकसंगीत' चुकीचं नाही, अपुरं आहे. तो शब्द ऐकला की आपल्याला जात्यावरची ओवी आठवते. कुणाची ते ठाऊक नसलेली, प्रत्येक घरात थोडी बदललेली. फोकचा एक भाग अगदी असाच आहे. व्हर्जिनियातला ए. पी. कार्टर डोंगरातल्या वाड्यावस्त्या फिरून जुनी गाणी गोळा करायचा. शब्द तो उतरवून घेई, पण चाल लक्षात ठेवायला बरोबर लेस्ली रिडल हा कृष्णवर्णीय गिटारवादक असे. गाण्यांच्या हक्काची नोंद कार्टरच्या नावावर झाली, हेही सांगायला हवं. १९२७ च्या उन्हाळ्यात ब्रिस्टल गावी त्याच पीरने कार्टर कुटुंबाची पहिली रेकॉर्डिंग केली. त्यातल्या मेबेलची गिटार तेवढी कान देऊन ऐका. अंगठ्याने खालच्या सुरांच्या तारांवर ती चाल वाजवते आणि त्याच हाताच्या बोटाने वरच्या तारांवर ठेका धरते. दोन माणसं वाजवताहेत असं वाटतं.

'चाल' हा शब्द तर या बैठकीसाठी सोन्यासारखा आहे. जुन्या संगीत नाटकाचं पुस्तक उघडा. पदाच्या डोक्यावर 'चाल' असं छापून पुढे भलत्याच गाण्याचे पहिले शब्द दिलेले असतात. अमेरिकी फोक गायक वुडी गथ्रीचा कारभार हाच. १९४० साली त्याने लिहिलेल्या 'धिस लँड इज युअर लँड'ची चाल कार्टर कुटुंबाच्या एका भक्तिगीताची आहे. याला चोरी म्हणणाऱ्याने आधी आपल्या नाटककारांचा हिशेब करावा.

हा गथ्री 'लोकगायक' नव्हे. गाणं स्वतः रचणारा, संप आणि सभांमधून गाणारा, गिटारवर 'हे यंत्र फॅसिस्टांना मारतं' असं लिहून हिंडणारा माणूस म्हणजे आपल्या भाषेत शाहीर. त्याच काळात, दुसऱ्या महायुद्धात, इकडे अण्णा भाऊ साठे स्टालिनग्राडचा पवाडा लिहीत होते. डफ आणि झीलकरी नाहीत एवढाच फरक. म्हणून गथ्री किंवा पीट सीगरला मी 'शाहिरी बाण्याचा गायक' म्हणेन. जोन बाएझला मात्र, निदान १९६० च्या तिच्या पहिल्या रेकॉर्डपुरतं, 'लोकगायिका' खुशाल म्हणा. तिथे ती बहुतेक परंपरेतलीच गाणी गाते.

'मूळ रॉक' सरळ चूक. त्याचा अर्थ अस्सल, पहिला रॉक असा होतो, तर रूट्स रॉक म्हणजे पुढे गेलेला रॉक मागे वळून फोक, कंट्री आणि कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या ब्लूजकडे आला तो. 'मुळांकडे वळलेला रॉक' चालेल. फक्त 'मुळावर आलेला' होऊ देऊ नका, घात होईल. नमुना म्हणून 'द बँड' याच नावाचा पाच जणांचा गट ठेवा. १९६९ च्या त्यांच्या रेकॉर्डमधलं 'रॅग मामा रॅग' लावा. ड्रमवाला लेव्हॉन हेल्म मँडोलिन घेऊन बसलाय, पियानोवाला रिचर्ड मॅन्युएल ड्रमवर, बासवाला रिक डँको फिडलवर, म्हणजे व्हायोलिनवर. आणि ज्यांच्या गाण्यात सगळ्यांना अमेरिकेच्या मातीचा वास आला, त्या पाचांपैकी चौघे कॅनडाचे! आर्कान्सासचा हेल्म तेवढा मातीतला.

जाता जाता, वाद्यांच्या यादीत नुसतं 'बँजो' लिहू नका. अमेरिकी बँजो म्हणजे चामड्याने मढवलेलं गोल तोंड आणि लांब दांडी, आफ्रिकेतून नेलेल्या गुलामांनी तिथे घडवलेलं वाद्य. मुंबईत बेंजो म्हणजे आडवं, टाइपरायटरसारखी बटणं दाबून वाजवायचं बुलबुलतरंग, जे जपानी वाद्यावरून आलं. पत्रक वाचून कुणी गणपतीतल्या बेंजो पार्टीच्या आशेने नाचायच्या तयारीत आलं, तर त्याची समजूत तुम्हालाच काढावी लागेल.